बबन, तुझी वरली खोली

बबन, तुझ्या दहाव्याला मला माइकवर बोलायला लावलं होतं. आपल्याकडचे दहावे तुला ठाऊकच आहेत, तूच त्यांची टिंगल करायचास. आधी प्रवचन, मग श्रद्धांजलीची भाषणं, आणि तिकडे पिंडाकडे बघत बसलेले पाहुणे. सोसायटीचे चेअरमन बोलले. जिल्हा परिषदेचे एक माजी सदस्य तुझ्याबद्दल कमी आणि मंजूर करून आणलेल्या रस्त्याबद्दल जास्त बोलले. मग सूत्रसंचालकाने पुकारलं, की ज्यांनी बबनरावांचा गेलेला आवाज परत आणला ते डॉक्टर आता दोन शब्द बोलतील. मी उठलो, माइक हातात घेतला आणि नुसता उभा राहिलो. शेवटी हात जोडून खाली बसलो. लोकांना वाटलं, डॉक्टरला भरून आलं. भरून आलं होतंच, खोटं कशाला बोलू. पण खरी अडचण वेगळी होती. तो आवाज मी परत आणला का नाही, हे मलाच माहीत नव्हतं.

दुसरा वैताग म्हणजे जो भेटेल तो मान हलवत विचारतो, "हार्टचंच झालं ना?" अरे, कसलं हार्ट? मोटारसायकलवरून घरी चालला होतास, कल्याण रस्त्यावर मागून टेम्पोने उडवलं. तुझ्या हृदयाने शेवटपर्यंत चोख काम केलं. चार माणसांना हे समजावलं, पाचव्याच्या वेळी माझा आवाज चढला, तेव्हा बायकोने मला हाताला धरून गाडीत बसवलं. हृदयाचा पेशंट टेम्पोखाली जाऊच शकत नाही अशी लोकांची समजूत असते की काय, कळत नाही.

तर बबन, आपलं भांडण अर्धं राहिलंय. म्हणून लिहितोय.

तुझा आवाज मला पहिल्यांदा कधी ऐकू आला ते आठवत नाही, कारण तो कायमच ऐकू यायचा. माझे वडील तुमच्या गावात शाळेवर आले, मी 'गुरुजींचा सुध्या' झालो आणि तुझ्या शेजारी बसलो. ओढ्याच्या पलीकडून तू हाक मारलीस की माझी आई म्हणायची, जा बाबा, नाहीतर तो सगळं गाव उठवील. कबड्डीच्या सामन्यात गुण पुकारायला तुलाच उभं करायचे. आठवीत हृदयाचा धडा होता. वरच्या दोन कप्प्यांना कर्णिका म्हणतात आणि खालच्या दोहोंना जवनिका, असं वडिलांनी फळ्यावर लिहिलं, तर तू मागून म्हणालास की गुरुजी, ह्या दोघी बहिनी वाटत्यात. वडीलही हसले होते, नंतर तुला उभं केलं ती गोष्ट वेगळी.

त्याच वर्षी तुझे गुडघे सुजले. एका आठवड्यात गुडघा, दुसऱ्या आठवड्यात घोटा, मग कोपर, सोबत ताप. सगळे म्हणाले की पोरगं अंगानं वाढतंय, म्हणून दुखतंय. तू महिनाभर बाजेवर पडून होतास आणि मी शाळा सुटली की गृहपाठ सांगायला यायचो. मग तू बरा झालास आणि आपण दोघंही ते विसरून गेलो. पुढे डॉक्टरी शिकताना सांधेतापाचा धडा आला. त्या तापात दुखतात सांधे, पण नुकसान होतं हृदयाच्या झडपेचं, आणि ते कळायला वीस-वीस वर्षं लागतात. तो धडा मी तोंडपाठ केला होता. त्यात तुझं नाव मला दिसलं नाही. दिसायला हवं होतं असं मी आता म्हणत नाही. वयच असं होतं, की पुस्तकातले रोग पुस्तकातल्याच माणसांना व्हायचे.

मी नगरला दवाखाना टाकला आणि तू यार्डात कांद्याचा लिलाव पुकारायला लागलास. एका शेतकऱ्याच्या मालाची एक थप्पी म्हणजे एक वक्कल. तू एका वक्कलावरून दुसऱ्यावर जायचास, मागे व्यापाऱ्यांचा घोळका, कडेला मालाचा धनी जीव मुठीत धरून उभा. तू भाव पुकारत वर चढवत न्यायचास आणि एकदम तोडायचास. तिकडच्या टोकाच्या शेतकऱ्याला आपला नंबर किती लांब आहे, हे तुझ्या आवाजावरूनच कळायचं. आणि मग एका उन्हाळ्यात तो आवाज बसला. आधी वाटलं धूळ. मग वाटलं तंबाखू. कुणी म्हणालं करणी केली, कुणी हळूच कॅन्सरचं नाव घेतलं. मंगल वहिनीने त्या दिवसांत धड जेवण केलं नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं, तर गाठबीठ काही नव्हती. स्वरयंत्राची डावी पट्टी नुसती पडून होती, हलतच नव्हती. त्यांनी छातीचा एक्स-रे काढला, बघितला आणि तुला माझ्याकडे पाठवलं.

तू आलास ते रागातच. फुसफुस आवाजात म्हणालास, "सुध्या, घसा बसलाय माजा, आन् ही मानसं मला हार्टवाल्याकडं धाडत्यात."

मी तुला डाव्या कुशीवर झोपवलं, छातीला जेल लावलं, इकोचा प्रोब टेकवला. आणि बबन, तुला आता सांगतो, पडद्यावर जे दिसलं ते बघून मी पेशंट कोण हे क्षणभर विसरलो. एवढी मोठी डावी कर्णिका मी त्याआधी क्वचितच पाहिली होती. खाली जायची झडप आकसलेली, तिची पानं एकमेकांना चिकटलेली, मधे एवढीशी फट. त्या फटीमागे रक्त तुंबलेलं आणि कर्णिका फुगत फुगत सगळ्या पडद्यावर पसरलेली. ती आकुंचनही पावत नव्हती, नुसती थरथरत होती. तू मान वळवून बघत होतास. हे माझंच आहे का, म्हणून विचारलंस. मी हो म्हणालो. मग म्हणालास, ही वरली खोली एवढी मोठी कशी काय? मी झडपेचं सांगितलं. तुला लगेच कळलं. लिलावाच्या दिवशी गेट अर्धंच उघडलं तर बाहेर टेम्पोंची रांग लागते, तसंच ना, म्हणालास. तसंच, म्हटलं. तेव्हापासून कर्णिका हा शब्द आपल्या दोघांत गेला आणि वरली खोली राहिली.

पण खोलीचा आवाजाशी काय संबंध, हे तुला पटेना. खरं सांगू का, इतकी वर्षं माहीत असूनही मला त्याचं नवल वाटतं. डाव्या पट्टीला हलवणारी नस मानेतून थेट घशात जात नाही. ती खाली छातीत उतरते, महाधमनीखालून वळसा घालते आणि परत वर चढते. त्या वळणापाशी जागा मुळातच कमी. खालून कर्णिका फुगली की आजूबाजूच्या रक्तवाहिन्या सरकतात आणि त्यांच्या बेचक्यात नस चेपते. मी कागदावर चित्र काढून दाखवलं, तर तू म्हणालास, "नगरहून सुप्याला जायचं, तर शेवगावला कशाला जायाचं?" आपण दोघं त्या चित्राकडे बघत किती वेळ बसलो होतो. बाहेर पेशंट खोळंबले होते आणि कंपाउंडर दोनदा डोकावून गेला.

त्या दिवशी मी तुला सगळं सांगितलं. पुण्याला नेऊन फुग्याने झडप उघडता येईल. जिना चढताना लागणारा दम जाईल, पुढचा धोका टळेल. तू मधेच तोडलंस. दमाचं मी बघतो, आवाजाचं बोल, म्हणालास. मी म्हणालो, दाब उतरला तर खोली थोडी लहान होईल, नस मोकळी होईल, आवाज कदाचित येईल. कदाचित नाही येणार. त्या 'कदाचित'वर तू पुढची दोन वर्षं माझा जीव खाल्लास.

पहिलं मोठं भांडण झालं ते घशातून करायच्या इकोवरून. कर्णिका छातीत अगदी मागे असते, अन्ननलिकेला चिकटून. छातीवरून बघताना ती सगळ्यात लांब पडते. तिला एक छोटा खिसा असतो, त्यात रक्ताची गुठळी धरते, आणि तो खिसा नीट बघायचा तर नळी घशातून अन्ननलिकेत उतरवून मागच्या बाजूनेच बघावं लागतं. खिशात गुठळी असताना फुगा घातला तर ती सुटून मेंदूत जाऊ शकते. हे सगळं तुला कळत होतं. तरी तू नाही म्हणालास.

"उरलासुरला आवाज बी गेला तर?"

"अरे, त्याची शक्यता फार कमी असते."

"कमी म्हंजी हाय ना?"

होतीच. तू उठून गेलास आणि मला राग आला. माणूस मेंदूच्या झटक्याला भीत नाही आणि फुसफुशीत उरलेल्या आवाजाला जपतो, हे मला तेव्हा झेपलं नाही. शेवटी वहिनी तुला घेऊन आली. तिने तुला काय सांगितलं ते मला नंतर कळलं. आवाज असो नसो, मला भांडायला माणूस पाहिजे, असं म्हणाली होती.

नळी घातली. घसा बधिर केलेला, तू अर्धवट झोपेत, माझा हात घट्ट धरलेला. आणि पडद्यावर खिशाच्या तळाशी ती होती. गुठळी. हलत होती, अंगठ्याच्या नखाएवढी. पुण्याची तारीख रद्द केली, रक्त पातळ करायच्या गोळ्या वाढवल्या, दर थोड्या दिवसांनी तुझं रक्त तपासलं. काही महिन्यांनी पुन्हा नळी घातली, या वेळी तू कुरकुर न करता आ केलास. खिसा रिकामा होता. तू जागा झाल्यावर मी तुला दाखवलं. तू बघितलंस आणि म्हणालास, "सुध्या, म्हंजी तवा मी ऐकलं नसतं, तर आत्ता मंगल एकटी आसती." मी विषय बदलला. आभार मानायची वेळ आली की आपण दोघंही विषय बदलायचो.

पुण्यातल्या डॉक्टरांनी झडप छान उघडली. तुझा दम गेला. शेताच्या बांधावरून न थांबता चालत यायला लागलास. रंग फिरला, भूक वाढली. आवाज तसाच. तपासणीला यायचास तेव्हा मी आधी खोली मोजायचो. कर्णिका पूर्ण भरलेली असते तो क्षण थांबवायचा, दोन बाजूंनी तिची कड बोटाने ओढायची, खिसा आणि रक्तवाहिन्यांची तोंडं वगळायची, मग मशीन आकार सांगतं. एक नियम मात्र कडक. आधीचा आकडा बघायचा नाही. कारण माणसाचं बोट त्याला हवं तिकडे सरकतं. तुला तो नियम फार आवडला. बैलबाजारात रुमालाखाली भाव करतात तसं, म्हणालास, कुणाचं कुणाला कळू द्यायचं नाही. आणि दर वेळी मला चिडवायचास, की तू आधी खोलीची तब्येत विचारतोस आणि मग माझी. खरं होतं ते. मला ती खोली लहान झालेली बघायची होती. तुझ्यासाठी बघायची होती, आणि मला स्वतःलाही कुतूहल होतं, हे काही लपून राहिलेलं नव्हतं.

सुरुवातीला आकडा थोडा उतरला, मग थांबला. मी सांगितलं, की इतकी वर्षं ताणलेली भिंत पुरती मागे येत नाही. तू ऐकून घेतलंस. मी म्हणालो, नस फार दिवस दबून राहिली की मरते, आता आशा धरू नकोस. तेही ऐकून घेतलंस. तुझं ते गप्प बसून ऐकणं मला खटकायला हवं होतं, कारण तू कधी गप्प बसायचा नाहीस.

मग या हिवाळ्यात यार्डातला एक अडत्या बीपी दाखवायला आला आणि सहज म्हणाला, बबनराव पुन्हा पुकारायला लागले. माझा विश्वास बसला नाही. दवाखाना अर्धवट सोडून यार्डात आलो. गोण्यांच्या मागे उभा राहिलो. तुझी माझ्याकडे पाठ होती. आवाज जुना नव्हता, त्याला एक खरखर होती, मधे मधे फाटत होता. पण तो होता, बबन. तिसऱ्या थप्पीपर्यंत पोचत होता. कडेला उभा असलेला म्हातारा शेतकरी मान डोलवत होता. तेवढ्यात तू मला पाहिलंस, लिलाव थांबवलास आणि सगळ्या व्यापाऱ्यांसमोर माझ्याकडे हात करून म्हणालास, "ह्यो आमचा डाक्टर. ह्येनं माजा आवाज परत आनला." टाळ्या वाजल्या. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

चहाच्या टपरीवर आपलं शेवटचं भांडण झालं. मी म्हणालो, असं सगळ्यांसमोर बोलत जाऊ नकोस, खोली कमी झाली का नाही ते मोजल्याशिवाय काही खरं नाही. तू म्हणालास की आवाज आला म्हणजे झालीच असणार. मी म्हणालो, आवाज हा पुरावा नाही. तू म्हणालास, "तुला आवाज नको, आकडा पायजे." मी चिडलो. तू हसत होतास. मी तुला दुसऱ्या दिवशी इकोला बोलावलं. आलास, झोपलास, मी चित्रं साठवली. त्या दिवशी बाहेर गर्दी फार होती, एक म्हातारी बाई धापा टाकत आली होती. मी म्हणालो, मोजायचं निवांत करू, सोमवारी ये, तुझ्यासमोरच मोजतो. आणि तू शर्टाची बटणं लावत म्हणालास, बघ, बारकीच निघंल. तो सोमवार आलाच नाही.

दहावा झाल्यावरच्या रविवारी दुपारी मी दवाखाना उघडला आणि तुझी चित्रं काढली. दोन-तीन ठोके मशीन पुन्हा पुन्हा दाखवत राहतं. झडप उघडत होती, मिटत होती. मी रडलो. मग डोळे पुसले आणि कामाला लागलो, कारण मला खरंच जाणून घ्यायचं होतं. नियम पाळला. जुना आकडा बघितला नाही. दोन्ही बाजूंनी कड ओढली, वेगवेगळ्या ठोक्यांवर मोजली, सरासरी काढली. मग जुना रिपोर्ट उघडला.

तेवढीच होती. गेल्या वेळी होती तेवढीच. हाताच्या चुकीइतकाही फरक नव्हता.

खोली बारकी झालेली नाही, मग नसेवरचा दाब कसा कमी झाला? आणि झाला नसेल तर मी यार्डात काय ऐकलं? भास म्हणावा तर व्यापारी, अडते, तो म्हातारा, सगळ्यांनाच कसा होईल? असं कोडं घेऊन मी आधी तुलाच फोन लावला असता. हात फोनकडे गेलाही होता.

मग मी गावाकडे गेलो. वहिनी ओट्यावर बसली होती. चहा झाला. मी तिला सरळच विचारलं, की बबन आवाजासाठी आणखी काही औषध घेत होता का, कुणाचा काढा, काही. ती आधी नाही म्हणाली. मग गोठ्याकडे बघत बोलली.

"औषध न्हाई, भाऊजी. घशाच्या दवाखान्यात एक बाई हुत्या, त्यांनी शिकवलं हुतं. रोज उजाडताना गोठ्यामागं जायचे. भिताडाला दोनी हात लावून जोर लावायचे आन् भाव पुकारायचे. पयलं नुसतं वारं निघायचं. म्हशी बी बिचकायच्या. पन दोन वर्सं एक दिस चुकवला न्हाई."

मला हे शिकवलेलं होतं, बबन. पुस्तकात आहे. एक पट्टी कायमची पडली, तरी दुसरीला मेहनतीने एवढं तयार करता येतं, की ती मधली रेघ ओलांडून पडलेल्या बहिणीपर्यंत जाते आणि तिला टेकते. मग आवाज निघतो. खरखरीत, पण निघतो. नस मेलेली असेल, खोली तेवढीच असेल, तरी निघतो. खात्री करायची तर पुन्हा दुर्बीण घालून बघायला हवं होतं. ती उजवी पट्टी पलीकडे जाताना मला बघायची होती. तू सांगितलं असतंस तर मी त्याच दिवशी तुला घशाच्या डॉक्टरांकडे नेलं असतं आणि आपण दोघांनी पडद्याला डोळे लावले असते.

मी वहिनीला विचारलं, मग हे मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, तिनेही तुला तेच विचारलं होतं. तेव्हा तू म्हणाला होतास, "सुध्यानं त्या खोलीपायी लई जीव काढलाय. बारकी झाली म्हनून आवाज आला, आसं वाटू दे त्याला. माजं काय जातंय?"

खोली बारकी झालेली नाही, बबन. मी मोजली. तुझा आवाज तू आणलास, रोज उजाडताना, गोठ्याच्या भिंतीला हात लावून, आणि सगळ्या यार्डासमोर तो माझ्या नावावर करून टाकलास. हे मला तुझ्या तोंडावर म्हणायचं होतं, आणि त्यावर तू माझ्याशी भांडायला हवा होतास.